सलाईनच्या स्टँडवरचा वर्ग

आमच्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, सलाईनचा एक स्टँड उभा आहे. येणारा माणूस आधी त्याच्याकडे पाहतो, मग माझ्याकडे, आणि आवाज खाली आणतो. त्याला वाटतं, बायकोच्या आजारपणातली ती वस्तू मी आठवण म्हणून ठेवली आहे. तसं नाही. मी त्यावर फोन अडकवतो. आमच्या घरात रेंज येते ती त्याच कोपऱ्यात, आणि फोन अडकवायला सलाईनच्या स्टँडइतकी सोयीची दुसरी वस्तू नाही, हे ज्ञान मला बायकोकडूनच मिळालेलं आहे. तिला ते कसं मिळालं, हे लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. लिहायला बसलो की एखाद्या वाक्यापाशीच दुपार जाते. पण मला आता घाई कसली?

ती नर्स होती. अंबडहून एसटीनं थोडं पुढं आलं की आमचं गाव. गावाबाहेर, जिनिंग मिलच्या अलीकडे, ग्रामीण रुग्णालय आहे. तिथल्या लेबर रूममध्ये तिची निम्म्याहून जास्त नोकरी गेली. मी अंबडच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो आणि तिच्या आधी रिटायर झालो. गावात तिला नाव नव्हतं. म्हणजे होतं, पण ते लग्नपत्रिकेत आणि रेशनकार्डावर. एरवी ती सिस्टर. भाजीवाला म्हणायचा, "सिस्टर, मेथी बघा." कंडक्टर म्हणायचा, "सिस्टर, सरका जरा पुढं." मला लोक सिस्टरचे मिस्टर म्हणत. इतकी वर्षं पुस्तकांवर क्रमांक टाकण्यात घालवल्यावर आपल्यालाही कुणीतरी कुणाच्या तरी खाली लावून टाकलं, याचं मला वाईट वाटत नसे.

नर्सला एकदा शिकून भागत नाही. दर काही वर्षांनी नोंदणी नवी करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी आपण अजून शिकतो आहोत याचे पॉइंट जमवावे लागतात. नोंदणी संपली की पेशंटला हात लावता येत नाही. पूर्वी हे पॉइंट जालन्याला नाहीतर संभाजीनगरला एखाद्या हॉलमध्ये दिवसभर बसून मिळत. भाषणं असत आणि जेवण असे. पुढं हे सगळं इंटरनेटवर आलं. बायको म्हणाली, "जेवण गेलं अन् झोप राहिली."

त्या वर्षी तिच्या नोंदणीची मुदत संपत आली होती आणि पॉइंट कमी पडत होते. एक कोर्स केला असता तर भागलं असतं. नसता केला, तर रिटायरमेंटच्या आधीची शेवटची वर्षं तिला लेबर रूमच्या बाहेर बसावं लागलं असतं. मी म्हटलं, "बसशील थोडी. आराम होईल." तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी वर्तमानपत्र उघडलं आणि ते उलटं आहे की सुलटं तेही बघितलं नाही.

हॉस्पिटलात तेव्हा तिच्या जोडीला दोघी होत्या. एक इन्चार्ज, त्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. बोलणं तोलून, चालणं सावकाश, आणि डॉक्टरसुद्धा त्यांच्या समोर खुर्चीत नीट बसत. दुसरी धाकटी, भोकरदनकडची, पिंपळगाव रेणुकाईची. नुकतीच लागलेली, तोंडाची फटाकडी. बायकोला ती ताई म्हणे आणि त्या नात्यानं मी तिचा दाजी. आपल्याकडे दाजीची टिंगल करायला परवाना लागत नाही.

कोर्स तिघींनी मिळून करायचा ठरवला. पुण्याहून भाषणं व्हायची, विषय बाळंतपणातल्या अडचणी. अडचण पहिल्याच दिवशी आली: रेंज. तिघींच्या फोनपैकी फक्त धाकटीच्या फोनला ती होती, आणि तीही इंजेक्शन रूमच्या खिडकीत, माणसाच्या डोक्याच्या जरा वर. धाकटी आधी स्टुलावर उभी राहिली. मग तिला सलाईनचा स्टँड दिसला. तिनं फोन चिकटपट्टीनं बाटलीच्या जागी बांधला, स्टँड वर ओढून बरोबर रेंजमध्ये आणला, आणि पुण्याचे डॉक्टर आमच्या गावच्या इंजेक्शन रूममध्ये लटकू लागले. इंजेक्शनला आलेले म्हातारे ते बघून विचारत, "ह्ये कोणतं सलाईन हाय?" धाकटी सांगायची, "ह्ये आम्हाला लावलेलं हाय, आजोबा."

सुरुवातीला फोननं नाव विचारलं होतं. धाकटीचं बोट तिथं थांबलं.

"कुणाचं टाकू?"

"सिस्टर टाक," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "बसलेल्या समद्या सिस्टरच हायेत."

हे मला त्याच संध्याकाळी कळलं, पण त्यात काही चूक आहे असं माझ्याही डोक्यात आलं नाही. ग्रंथालयात मी एका कार्डावर दिलेलं पुस्तक सगळ्या गल्लीनं वाचून मग परत यायचं. पुस्तक वाचलं गेलं याच्याशी मतलब.

आता तिघींनी एकाच वेळी स्टँडखाली बसायचं, तर वॉर्ड कोण बघणार? म्हणून त्यांनी कोर्सही वॉर्डासारखाच चालवला. दवाखान्यात ड्युटी बदलते तेव्हा जाणारी नर्स येणाऱ्या नर्सला 'ओव्हर' देते. म्हणजे दोघी एकेका खाटेपाशी उभ्या राहतात, आणि जाणारी सांगते: या बाईला काय होतंय, काय दिलं, काय द्यायचं राहिलं, रात्री रडली का, नातेवाईक भांडले का. ओव्हरमध्ये काही गाळायचं नसतं. हे महत्त्वाचं, हे बिनमहत्त्वाचं असं देणाऱ्यानं ठरवायचं नाही. जे जे झालं ते सगळं सांगायचं, असा तिथला दंडक. झालं. जिची ड्युटी नाही तिनं भाषण ऐकायचं आणि ड्युटी बदलताना बाकीच्यांना त्याची ओव्हर द्यायची.

बायकोला ती ओव्हर पक्की करायला कुणीतरी लागे. तो मी. जेवताना ती सांगू लागली की मी मान हलवायची, आणि मध्येच तिनं विचारलं तर शेवटचं वाक्य म्हणून दाखवायचं.

"पेशंट भाषण," ती सुरू करायची. "विषय, झटके. जनरल कंडिशन चांगली. मधी फोन अडकल्ता, गोल फिरत होतं, मंग आपोआप सुधारलं. आता स्टेबल."

"भाकरी दे," मी म्हणायचो.

"शेवटचं काय म्हणले मी?"

"स्टेबल."

"भाकरी घ्या."

त्या कोर्सनं माझ्या डोक्यात इतकं भरलं की एकदा कट्ट्यावर एक जण नातवाच्या जन्माचं सांगत होता, तेव्हा मी त्याला बाळामागची वार पूर्ण पडली का ते विचारलं. तेव्हापासून तो माझ्यापासून जरा लांब बसतो.

भाषण चालू असताना फोनवर मधूनच एक चौकट यायची: तुम्ही आहात का? तिथं बोट लावलं नाही तर हजेरी जायची. जी जवळ असेल ती लावायची. एकदा तिघीही लेबर रूममध्ये अडकल्या तेव्हा वॉर्डातल्या मावशींनी फरशी पुसता पुसता फडक्यानंच चौकट दाबली. "मी हाये की," म्हणाल्या. "खोटं काय त्यात?"

असा कोर्स संपला. शेवटची प्रश्नपत्रिका तिघींनी मिळून सोडवली, ज्या भाषणाला जी बसली तिनं त्याचं उत्तर द्यायचं. पास झाल्या. आणि सर्टिफिकेट आलं. एकच. वर सोनेरी वेलबुट्टी, खाली सह्या, आणि मधोमध वळणदार अक्षरात नाव: सिस्टर.

बायकोनं त्याचा कागद काढून घरी आणला आणि माझ्यासमोर ठेवला. मी चष्मा लावून वाचला. हसू आलं, ते मी आवरलं. ती हसत नव्हती.

"याच्यावर माझी नोंदणी होईल का हो?"

"नाव नाहीये यात."

"मंग मी काय अंगठा लावू का ह्याच्यावर?"

दुसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टरनी तोडगा काढला. "तुमची मुदत आधी संपती. तुम्हीच घ्या हे. आमचं आम्ही पुढच्या टायमाला बघू. धाकटे, लाव त्या पुण्याच्या मॅडमला फोन अन् ह्यांचं नाव सांग."

धाकटीनं लावला, पण बोलणं नावापर्यंत गेलंच नाही. कोर्स चालवणाऱ्या मॅडम स्वतः बोलल्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांचा आवाज थंड झाला. एका नावावर तिघी बसल्या म्हणजे यातली एकही पूर्ण कोर्सला बसलेली नाही, असा त्यांचा हिशेब, आणि तो बरोबर होता. शेवटी म्हणाल्या, "ज्यांना सर्टिफिकेट हवंय त्यांनी उद्या दुपारी व्हिडिओवर समोर या. मी कोणत्याही भाषणातलं विचारीन, आणि एक प्रात्यक्षिक करून दाखवायचं. जमलं तर नाव घालते. नाही तर ते सर्टिफिकेटही रद्द."

त्या संध्याकाळी बायको जेवली नाही. स्वयंपाकघरात उभी राहून तोंडातल्या तोंडात काही म्हणत होती. मी पुस्तक धरून बसलो होतो. कोणतं ते आठवत नाही.

"रक्तस्रावाचं भाषण मी ऐकलंच न्हाई," ती म्हणाली. "त्या दिवशी दोन बाया एकदम आल्त्या. धाकटीनं ऐकलं, अन् तिची ओव्हर म्हणजे..." तिनं हात हवेत फिरवला. "अन् उद्या बराबर तेच विचारणार बघा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला बरोबर नेलं. कशाला, ते सांगितलं नाही. इंजेक्शन रूममध्ये गेलो तर तपासणीच्या टेबलावर स्वच्छ चादर घातलेली, आणि धाकटी उशी घेऊन उभी.

"या दाजी. झोपा."

"मी?"

"प्रात्यक्षिकाला पेशंट लागंल न्हाई का? खऱ्या बाळंतिणीला फोनसमोर आणता का? झोपा जल्दी. तुमची डिलिव्हरी झालेली हाय."

"केव्हा?"

"आत्ताच. मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप हाये. निदान आतापर्यंत."

मी बायकोकडे पाहिलं. ती पदर नीट करत होती. तिला माझ्याकडे बघायला सवड नव्हती. मी चपला काढल्या आणि झोपलो. पोटावर उशी, उशीवर चादर. मोठ्या सिस्टर पायाशी उभ्या राहिल्या आणि गंभीरपणे म्हणाल्या, "सर, तुम्ही बोलायचं न्हाई. तुम्ही थकलेले हायेत." स्टँड फिरवून फोन आमच्याकडे वळवला गेला आणि वरून मॅडम दिसल्या. साठीच्या असाव्यात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी आधी मला पाहिलं, मग उशीला पाहिलं, आणि काही विचारायचं नाही असं ठरवलेलं दिसलं.

विचारलं ते नेमकं रक्तस्रावाच्या भाषणातलंच. "भाषणात सरांनी कारणं कोणत्या क्रमानं सांगितली, सांगा."

बायकोनं हात मागे बांधले. ड्युटी बदलताना खाटेपाशी उभी राहायची तशी उभी राहिली, आणि तिनं ओव्हर दिली. जशी मिळाली तशी.

"सर उशिरा आले. माफी मागितली. मंग म्हणले, पहिलं कारण, गर्भाशय ढिलं पडतं, आकसत न्हाई. हे सगळ्यात जास्त. मंग सरला खोकला आला. दुसरं, कुठं फाटलंय का ते बघावं. मंग बाहेर कुत्रं भुंकलं, सर म्हणले एक मिनिट. तिसरं, वारेचा तुकडा आत ऱ्हायला का. इथं खोकला लई वाढला, मंग त्यांच्या मिसेसनी पाणी आणून दिलं, सर म्हणले कोमट का न्हाई आणलं, मिसेस काही बोलल्या न्हाईत, पण ग्लास जोरात ठेवला. मंग चौथं, रक्त गोठत न्हाई ते."

धाकटी भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. वर फोनमध्ये मॅडमचा चेहरा अगदी स्थिर. मला वाटलं रेंज गेली.

मग मॅडम म्हणाल्या, "जोरात ठेवला?"

"असं ओव्हरमध्ये हाय, मॅडम."

"तो ग्लास मी ठेवला होता."

धाकटीचे खांदे हलायचे थांबले. मी थकलेला असल्यामुळे मला काही बोलता येत नव्हतं.

"म्हणजे तुम्ही त्या भाषणाला होतात," मॅडम म्हणाल्या.

तिथं तिला नुसतं हो म्हणता आलं असतं. मी चादरीखालून तिच्या साडीला हलकेच बोट लावलं. ती म्हणाली, "न्हाई, मॅडम. मी लेबर रूममध्ये होते. हिनं ऐकलं अन् मला दिलं."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "प्रात्यक्षिक दाखवा," त्या म्हणाल्या. "बाळंतिणीला एकदम रक्तस्राव सुरू झाला. तुम्ही एकट्या आहात. पहिलं काय कराल?"

"हाक मारीन."

"मारा. जसं खरं कराल तसंच सगळं करा."

मॅडमची चूक झाली ती इथं. तिला 'जसं खरं' म्हणायला नको होतं. बायको दाराकडे वळली आणि ज्या आवाजानं तिनं कितीतरी वर्षं ते हॉस्पिटल हलवलं होतं त्या आवाजात ओरडली, "या गं कुणीऽऽ! ब्लीडिंग!" आणि लगेच वळून दोन्ही हातांनी माझ्या पोटावरची उशी चोळू लागली. इतक्या जोरात की खाली उशी आहे आणि उशीखाली नवरा आहे हे ती विसरली असावी. "लघवी झाली का हिला? वार बघा पूर्ण हाय का!" मोठ्या सिस्टरनी सवयीनं माझ्या हातात सुई टोचण्यासाठी शीर शोधायला घेतली. बाहेर धावपळ ऐकू आली. मावशी ट्रे घेऊन आल्या, मागं डॉक्टर, त्यांच्या तोंडात अजून डब्यातला घास; त्यांच्यामागं इंजेक्शनच्या रांगेतली सगळी माणसं.

मावशी दारातच थबकल्या. "अगं माय! सरला काय झालं?"

"मुलगी," मी म्हटलं. नियम मोडला, पण कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

वरून विचित्र आवाज येऊ लागला. मॅडम हसत होत्या. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "सगळे नेहमी इतक्या लवकर येतात?"

"हिच्या हाकेला येतात," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

मॅडमनी कागद ओढला. "नाव सांगा. संपूर्ण."

बायकोनं सांगितलं. धाकटी एकदम वळली. "अय्या, ताई! तुमचं नाव ह्ये हाय?"

बाकीच्या दोघींनाही मॅडमनी मग असंच समोर उभं करून विचारलं. धाकटीला तिनं न ऐकलेलं भाषण विचारलं, मोठ्यांना त्यांनी न ऐकलेलं. ओव्हर पोचलेली होती. तीन सर्टिफिकेटं आली, तीन नावांची. बायकोची नोंदणी झाली आणि ती रिटायर होईपर्यंत लेबर रूममध्येच राहिली. मला मात्र गावात बरेच दिवस लोक मुलगी कशी आहे म्हणून विचारत.

त्यानंतर पुष्कळ दिवसांनी ती आजारी पडली. आजार कोणता आणि कसा, ते मला इथं लिहायचं नाही. शेवटी शेवटी घरीच होती. स्टँड त्या वेळी हॉस्पिटलातून आला. मोठ्या सिस्टर आणि धाकटी आळीपाळीनं यायच्या आणि जाताना तिच्या खाटेपाशी उभ्या राहून एकमेकींना ओव्हर द्यायच्या. ती डोळे मिटून ऐकायची आणि काही गाळलं की दुरुस्त करायची. मधून मधून ती मला पाणी आणायला, दाराची कडी बघायला, कसल्या कसल्या कारणानं खोलीबाहेर पाठवायची. आतून तिघींचं बोलणं बंद व्हायचं नाही. मला वाटे, बायकांचं काही असेल.

तेरावं झालं, पाहुणे गेले. त्यानंतर दोघी एका दुपारी आल्या. मी खिडकीपाशी आरामखुर्चीत होतो, मांडीवर पुस्तक. त्या बसल्या नाहीत. मोठ्या सिस्टर खुर्चीच्या एका बाजूला, धाकटी दुसऱ्या बाजूला उभी राहिली. धाकटीनं हात मागे बांधले.

"पेशंट पुरुष," ती म्हणाली. "रिटायर. चालतं-फिरतं. जेवायचं विसरतं, विचारलं तर जेवलो म्हणतं. बीपीची गोळी घेतली म्हणतं, घेतलेली नसते, पाकीट बघावं. वाचायला बसलं की हाकेला ओ देत न्हाई. तवा दोनदा हाक मारावी, तिसऱ्यांदा पुस्तक काढून घ्यावं." तिचा आवाज जरा अडखळला, पण ओव्हर मध्येच सोडायची नसते. "लोणच्याची मोठी बरणी वरच्या फळीवर हाय, त्यानं काढायची न्हाई, पडंल. रडत न्हाई. रडलं तर रडू द्यावं. चहात साखर कमी."

"शेवटचं काय म्हणली?" मोठ्या सिस्टरनी मला विचारलं.

"साखर कमी," मी म्हटलं.

स्टँड न्यायला आलो होतो, असं त्या जाताना म्हणाल्या. नेला नाही.

आता ड्युटी बदलायच्या वेळी दोघींपैकी एकीचा व्हिडिओ फोन येतो. मी फोन स्टँडवर अडकवतो, वर ओढून रेंजमध्ये आणतो, आणि खाली खुर्चीत बसतो.

"दाजी, गोळी?"

"घेतली."

"पाकीट दाखवा."

मी दाखवतो. मोठ्या सिस्टर असल्या तर मान हलवतात आणि फोन ठेवतात. धाकटी मात्र डोळे बारीक करून बघते. म्हणून कधी कधी गोळी वेळेवर घेतलेली असते तरी मी मुद्दाम मागच्या आठवड्यातलं रिकामं पाकीट धरतो.

"हे जुनं हाय," ती म्हणते. "नवीन दाखवा. न्हाईतर येऊन राह्यले मी तिकडं."

"ये," मी म्हणतो.